जुन्या लष्करी पिस्तुलांचं पॉलिश आणि ब्लूइंग: मराठवाड्यात मिळणारी सेवा कितपत घ्यावी?

‘नव्यासारखं करून देतो’ असं कोणी म्हणालं, की जुनं लष्करी पिस्तूल तिथून उचलून सरळ घरी आणावं. निष्कर्ष आधीच सांगून टाकला, कारण पुढचं वाचायला वेळ नसला तरी एवढं कळलं तर एखादी वस्तू वाचेल. बफच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी, चाकावर गेलेला पृष्ठभाग परत आणता येत नाही. आणि संग्राहक पैसे मोजतो ते त्याच पृष्ठभागाचे. कारखान्याची मूळ झिलई, तिच्यावरचे ठसे आणि शंभर-दीडशे वर्षांत धातूवर आपसूक धरलेला करडा-तपकिरी थर, हीच त्याची खरी किंमत.

मराठवाड्यात अशा वस्तू निघतात यात नवल नाही. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे होत्या. त्या फौजेचे रिसाले १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात सामावले गेले. जुन्या वाड्यांतून, देशमुख-जहागीरदारांच्या घरांतून दसऱ्याच्या शस्त्रपूजेला तलवारी-कट्यारींसोबत एखादं पिस्तूलही पाटावर येतं. ते दोनपैकी एका जातीचं असतं. एक तर ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं; ते चकमकीच्या गारेच्या ठिणगीने किंवा स्फोटक टोपीने पेटतं. नाही तर काडतुसाचं रिव्हॉल्व्हर, बहुतेक वेळा वेब्ली किंवा एनफील्ड. दोघांच्या धातूवरची मूळ झिलई वेगळी, त्यामुळे दोघांची कसोटीही वेगळी. हा फरक न पाळता सगळ्यांना एकच काळा चकचकीत मुलामा चढवला जातो. इथल्या सेवेबद्दलची आमची सर्वांत मोठी तक्रार हीच.

हे परीक्षण एका दुकानाचं नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर या पट्ट्यात जुन्या शस्त्रांवर जी कामं करून मिळतात, त्या कामांचं आहे: बफिंग, शिकल (शस्त्र हाताने उजळणं), गरम आणि थंड ब्लूइंग (रसायनाने पोलादावर काळा-निळा थर चढवणं), आणि ‘ओरिजिनल आहे का’ ते सांगणं. शिवाय घरी वापरायच्या एका मेणाचं, कारण या सगळ्यांत पैसे वसूल होतात ते तिथेच.

कायदा आधी पाहू, तो इथे थेट कामाशी जोडलेला आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची नुसती दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे समई-घंगाळ्यांना पॉलिश करणाऱ्याकडे चालू स्थितीतलं रिव्हॉल्व्हर ठेवून आलात, तर तोही अडकतो आणि तुम्हीही. कलम ८ प्रमाणे शस्त्रावर ठोकलेलं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं किंवा खोटी ठोकणं हा गुन्हा आहे. बफिंगवाल्याच्या चाकाखाली क्रमांक गेला तर ‘पॉलिश करताना गेला’ हे उत्तर पुरत नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे. जुनाट बनावटीची, पुरातन मूल्याची किंवा मोडकळीला आलेली जी शस्त्रं दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत, ती या कायद्याच्या बाहेर राहतात. यातला ‘दुरुस्त करूनही’ हा भाग लोक विसरतात. नुसती कमान तुटलेलं ठासणीचं पिस्तूल आपोआप या सवलतीत बसत नाही. खात्री करायची ती संभाजीनगर शहरात पोलिस आयुक्तालयात, आणि पोलिस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत. आणि ती लेखी घ्यावी. बुजवलेली नळी ‘मोकळी करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाशी पुढे बोलूच नये.

दुसरी गोष्ट जिवाची. ठासणीची पिस्तुलं भरलेल्या अवस्थेतच माळ्यावर गेलेली असू शकतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही वर्षांनी पेट घेते. लाकडी काठी नळीत हळूच शेवटपर्यंत सोडावी, तोंडाशी खूण करावी, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून खूण तोंडाशी जुळवावी. काठीचं टोक कान्याच्या, म्हणजे बत्तीच्या भोकाच्या, जवळपास पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन सेंटिमीटर आधीच थांबलं, तर आत काहीतरी आहे असं धरून चालावं. वस्तू परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी, स्वतः काही उकरू नये. जो दुकानदार पिस्तूल हातात घेताच ही तपासणी करत नाही, त्याच्याकडे पुढचं काम देऊ नये. एवढ्या एका निकषावर बरेच जण गळतात.

बफिंग: अजिबात नको

बफिंगवाल्यांचं काम स्वस्त, झटपट आणि डोळ्यांत भरणारं. भांड्यांसाठी ते उत्तम आहे. पिस्तुलाचं काय होतं ते एका ठशाजवळ पाहा. कारखान्यात पोलादावर ठसा ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला बारीकशी वरंबी उठते. पुढच्या पॉलिशमध्ये आणि वापरात ती थोडी बसते, पण अक्षराचा तळ सपाट आणि कड तीक्ष्ण राहते. फिरतं कापडी चाक मात्र त्या कडेवरून धातू ओढून नेतं. अक्षर उथळ होतं आणि चाकाच्या दिशेला त्याला शेपटी फुटते. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो, कारण मऊ चाक भोकाच्या कडेवर जास्त दाबलं जातं. नळीचे सपाट पैलू गोलसर होतात. मोबाइलचा टॉर्च जवळजवळ समांतर धरून पृष्ठभागावर उजेड टाकला, की सपाट भागावर लाटा दिसतात. मूळ मशीनकामात त्या नसतात.

वेब्ली मार्क ६ वर ही परीक्षा चांगली जमते. बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, .४५५ इंच, सहा इंची नळी, १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यात दाखल. १९२१ ते १९२६ या काळात एनफील्डच्या सरकारी कारखान्यातही बनलं. फ्रेमवर वर्ष ठोकलेलं असतं आणि क्रमांक फ्रेमसोबत नळीवर व चक्रीवरही असतो. तिन्ही ठिकाणचे अंक एकाच ठशाचे, एकाच खोलीचे दिसले पाहिजेत. फ्रेमवरचा क्रमांक खोल, चक्रीवरचा पुसट आणि दोघांवरचा काळा रंग मात्र सारखाच गडद असेल, तर एक भाग घासून पुन्हा रंगवला आहे. नाही तर चक्री दुसऱ्याच पिस्तुलाची आहे. ब्लूइंगच्या खाली बारीक खड्डे दिसले, म्हणजे आधी गंज होता आणि रंग नंतर आला, हे तर उघडच. कारखान्याने खड्डेवाल्या पोलादाला कधी झिलई दिली नाही.

बाणाच्या खुणा नीट वाचाव्यात. ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा रुंद बाण, हिंदुस्थान सरकारच्या मालमत्तेसाठी बाणाखाली इंग्रजी ‘आय’, आणि टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे सैन्यातून रीतसर विकून टाकलेली वस्तू. बफिंगमध्ये या खुणा सर्वांत आधी जातात, कारण त्या लहान आणि उथळ असतात. आणि त्या गेल्या, की हे पिस्तूल कोणाचं होतं हे सांगणारा वस्तूवरचा पुरावाच संपला.

वेब्लीच्या दस्त्यावर काळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पट्ट्या असतात. वर्षानुवर्षं उजेडात राहून त्या तपकिरी पडतात. हा दोष नाही, वयाची खूण आहे. त्यांना बुटाचं काळं पॉलिश लावून ‘ओरिजिनल कंडिशन’ म्हणून विकणं हा सर्रास चालणारा प्रकार. पांढरा सुती कपडा किंचित ओला करून पट्टीच्या आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला घासा. बाहेरून काळं निघालं आणि आतून निघालं नाही, की कळतं.

शिकल: माणूस पाहून

नांदेडला हजूर साहिबमुळे शस्त्रं सांभाळण्याची परंपरा जिवंत आहे. दिवाळीच्या आधी तख्तस्नानाच्या वेळी तिथल्या ऐतिहासिक शस्त्रांना गोदावरीच्या पाण्याने स्नान घालतात, आणि शिकलगार समाजाचं धार लावण्याचं, लखलखाट आणण्याचं कसब पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. हात हलका, नजर तयार. यंत्राच्या चाकापेक्षा हाताने केलेलं काम कितीतरी सौम्य असतं.

पण हे कसब तलवारीचं आहे. तलवारीचं पातं मुळात उजळच ठेवायचं असतं, ते पुन्हा उजळलं तर त्याच्या स्वभावाला धरून होतं. पिस्तुलाची तपकिरी नळी उजळली तर तिचा इतिहास खरवडला गेला. म्हणून शिकलगाराकडे काम द्यायचं तर शब्दांत नेमकं सांगावं: लाल गंज काढा, काळपट थराला हात लावू नका, एमरी कागद वापरू नका, ठशांवरून काही फिरवू नका. एवढं ऐकून ‘मग करायचं काय?’ असं विचारणारा कारागीर भेटला तर ते वाईट लक्षण नाही, तो प्रामाणिक आहे. त्याच्याकडून फक्त घट्ट बसलेले स्क्रू सोडवून घ्यावेत, पिस्तूल कलम ४५ च्या सवलतीत बसतं हे लेखी असेल तरच. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा पाना तो स्वतः घासून तयार करतो. मोठ्या दुकानांत इतकी काळजी घेतलेली दिसत नाही.

पितळेच्या बाबतीत मात्र सगळ्यांनाच सावध करावं लागतं. ठासणीच्या पिस्तुलाच्या दस्त्याची टोपी, चापाचा गार्ड आणि दारू ठासायच्या गजाच्या नळ्या बहुधा पितळेच्या असतात, आणि पितळ म्हटलं की आपल्याकडे हात चिंचेकडे जातो. चिंच-लिंबाचं आम्ल पितळेतलं जस्त आधी खातं, मग पृष्ठभागावर तांबूस छटा उरते. ते पाणी पितळेच्या कडेने लाकडात उतरतं आणि आतल्या लोखंडी स्क्रूला गंज चढतो. पितळ घासायची पावडर त्याहून वाईट. ती कोरलेल्या अक्षरांत पांढरी होऊन बसते आणि पुढे दहा वर्षं ‘हे घासलेलं आहे’ असं सांगत राहते. दसऱ्याला ओलं हळदकुंकू थेट लोखंडावर लावलं तर त्या ठिपक्याखाली गंज धरतो. पूजा जरूर करावी, गंध वस्तूखालच्या कापडाला लावावं आणि धातू त्याच संध्याकाळी कोरडा पुसून तेलाचा हात द्यावा.

ब्लूइंग: गरम, थंड आणि गंजाचं

परवानाधारक दुरुस्तीवाल्यांकडे ब्लूइंग म्हणून जे मिळतं ते बहुतेक गरम क्षारांचं. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेटचा तीव्र द्राव साधारण १४० अंश सेल्सियसला उकळतो, त्यात घासलेला भाग बुडवतात. नव्या शिकारी बंदुकीसाठी ही उत्तम पद्धत, टिकाऊ आणि एकसारखी. पण ती कारखान्यांत रुळली १९३० च्या दशकात. म्हणून पहिल्या महायुद्धातल्या वेब्लीवर आरशासारखा खोल काळा-निळा रंग दिसला तर तो नंतरचा असण्याची शंका घ्यावी. आणि अठराशेच्या ठासणीच्या पिस्तुलावर दिसला, तर प्रश्नच उरत नाही. ब्रिटिश लष्करी चकमकी पिस्तुलांच्या नळ्या आधी उजळ असत, पुढे एकोणिसाव्या शतकात तपकिरी केल्या जाऊ लागल्या. काळ्या-निळ्या नव्हेत.

गरम क्षारांचे आणखी तीन तोटे, आणि त्यांबद्दल काम घेणारा स्वतःहून काही सांगत नाही. पहिला, कथलाचे सांधे त्या द्रावात सैल होतात. नळीखालचे डाग दिलेले भाग निखळू शकतात. दुसरा, नळीच्या मागच्या बुचाच्या आट्यांत अडकलेला क्षार नीट उकळून धुतला नाही, तर महिनोन्‌महिने पाझरत राहतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सांध्याभोवती पांढरट घाम आणि त्याखाली लाल रेघ दिसायला लागते, ती त्याचीच. तिसरा, काही जातींच्या पोलादावर हा रंग जांभळट-लाल उतरतो आणि वर्षभरात नळी एका रंगाची, फ्रेम दुसऱ्या रंगाची दिसू लागते. पुष्कळदा हा जांभळटपणाच दुरून रिफिनिशची, म्हणजे नंतर चढवलेल्या झिलईची, चुगली करतो.

थंड ब्लूइंग म्हणजे बाटलीतलं सेलेनियमयुक्त द्रावण, कापसाने लावायचं. ओरखडे झाकायला हे सर्रास वापरतात, आणि विक्रीच्या आदल्या दिवशी तर फारच. ओळखणं सोपं आहे: बोटाने जोरात घासून वास घ्या, उग्र धातूचा वास येतो. उन्हात तिरकं धरा, तांबूस झाक दिसते. कडांवर, घोड्याच्या (आपटणाऱ्या हातोडीच्या) टोकावर, जिथे हात लागतो तिथे ते महिन्या-दोन महिन्यांत उडतं. शे-सव्वाशे वर्षं वापरलेल्या पिस्तुलाच्या कडा मुळात उजळ असायला हव्यात, कारण म्यानात घालताना-काढताना तिथलीच झिलई झिजते. कडा गडद आणि मधला भाग फिका, असं उलटं चित्र दिसलं की बाटली फिरली आहे असं समजावं.

गंजाचं ब्लूइंग ही जुन्या काळाला धरून असलेली पद्धत. भाग तेलमुक्त करायचा, सौम्य आम्लाचा पातळ हात द्यायचा, दमट पेटीत काही तास लाल गंज धरू द्यायचा, मग ऊर्ध्वपातित पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळायचा. लाल गंजाचा काळा ऑक्साइड होतो. तो बारीक पोलादी लोकरीने हलका घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा सहा-आठ फेऱ्या झाल्या की मऊ, खोल काळसर रंग येतो. मराठवाड्यात यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की दमट पेटी नसेल तर गंज धरतच नाही, धरला तर ठिपक्या-ठिपक्यांनी. आणि उकळायला बोअरवेलचं पाणी घेतलं तर त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग पोलादावर कायमचे बसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरलं की दुसरी अडचण संपते. ही पद्धत जाणणारा हात इथे क्वचित सापडतो. सापडला तरी काम त्याला द्यावं ते आधीच कोणीतरी बफ मारून वाया घालवलेल्या, कागदपत्रं पूर्ण असलेल्या पिस्तुलाचं. मूळ झिलईचा चौथा हिस्सा जरी शिल्लक असेल तरी तो चौथा हिस्साच राखावा.

इथे एक अपवाद ठामपणे नोंदवायला हवा, कारण त्यावरून चांगल्या वस्तू विनाकारण नाकारल्या जातात. सैन्याने स्वतः केलेलं रिफिनिश हा वस्तूच्या इतिहासाचाच भाग असतो. एनफील्ड नंबर २ हे .३८ चं रिव्हॉल्व्हर १९३२ मध्ये सैन्यात आलं, आणि १९३८ मध्ये त्याची घोड्याला बोटाची पकड नसलेली आवृत्ती आली. यांतली कित्येक पुढे सरकारी कारखान्यांत पूर्ण दुरुस्त होऊन, काळा जाड रंग मारून परत वापरात गेली. अशा रंगावर दुरुस्तीची, कारखान्याची खूण आणि वर्ष शोधावं. खूण असेल तर तो रंग मूळच समजावा, काढू नये. तो रंग थिनरने काढून ‘खालचं ओरिजिनल ब्लू’ शोधून देणारे आहेत. त्यांचं ऐकलं तर दोन्ही जातं.

‘ओरिजिनल आहे का’ ते सांगणारे

बाजारात सर्वांत कमजोर सेवा हीच. तोंडी मत मिळतं, कागदावर काही मिळत नाही. कारण विचारलं तर ‘टॉवर लिहिलंय ना’ एवढंच. टॉवर म्हणजे लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराची खूण. टॉवर लिहिणं हे तर नकलांचं आवडतं काम. सजावटीसाठी चकमकी पिस्तुलांच्या नकला आपल्या देशात ढिगाने बनतात, आणि त्यांवर टॉवर आणि मुकुट असतोच.

खरी तपासणी लॉकप्लेटपासून, म्हणजे घोडा-चापाची यंत्रणा (लॉक) बसवलेल्या बाजूच्या पट्टीपासून, सुरू होते. ब्रिटिश लष्करी चकमकी शस्त्रांवर १७६४ पर्यंत लॉक बनवणाऱ्याचं नाव आणि वर्ष असे, त्यानंतर ‘टॉवर’ आलं आणि वर्ष गेलं. म्हणून चकमकीच्या पिस्तुलावर ‘टॉवर’ सोबत १७८० किंवा १८०५ असं वर्ष दिसलं, तर वस्तू खाली ठेवावी. टोपीच्या काळात ‘टॉवर’ आणि वर्ष पुन्हा एकत्र दिसतात, तिथे हा नियम लावू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर टॉवर-मुकुट सहसा नसतो. १८०८ च्या आधी हृदयाच्या आकाराचं, आत कंपनीची अक्षरं असलेलं चिन्ह, आणि त्यानंतर मुकुट धरून मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. मराठवाड्यात अस्सल वस्तू निघालीच तर या सिंहाची शक्यता टॉवरपेक्षा जास्त, असं आमचं मत. ठासणीच्या शस्त्रांवर ‘जी आर’ (राजा जॉर्ज) ही अक्षरं १८३० पर्यंतची, ‘व्ही आर’ (राणी व्हिक्टोरिया) १८३७ नंतरची. चकमकीच्या पिस्तुलावर ‘व्ही आर’ दिसलं की शंका घ्यावी, आणि इंग्रजी ‘एन’ उलटा कोरलेला दिसला की ती नक्कलच समजावी.

मग भिंग. दहापट मोठं दाखवणारं, घड्याळजी वापरतात तसलं. ठोकलेल्या अक्षराचा तळ स्वच्छ असतो. ओतकामात आलेल्या अक्षराच्या कडा गोल आणि तळ वाळूसारखा दाणेदार दिसतो. नळीच्या आत टॉर्च टाकला आणि लांबलचक सरळ शिवण दिसली, तर ती वेल्डिंगची पाइप आहे. काना आरपार आहे का ते पातळ तारेने पाहावं. नकलांत तो बहुधा नुसता खळगा असतो. पण काना बुजलेला अस्सल वस्तूतही सापडतो, म्हणून एकट्या या खुणेवर निकाल देऊ नये.

व्हर्निअर कॅलिपर सोबत असावा. ब्रिटिशांच्या न्यू लँड नमुन्याच्या घोडदळी पिस्तुलाची नळी नऊ इंच, बोअर .६५ च्या आसपास म्हणजे साडेसोळा मिलिमीटर, आणि गज नळीला बिजागरीने अडकवलेला, घोड्यावर बसून ठासताना हातातून पडू नये म्हणून. बोअर बारा मिलिमीटर आणि गज नुसता खाली खोचलेला असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे. स्क्रूचे आटे मेट्रिक गेजमध्ये चपखल बसले तर तो स्क्रू आधुनिक. ब्रिटिश शस्त्रांत मेट्रिक आटे नसत.

लाकूड सर्वांत शेवटी पाहावं, कारण ते सर्वांत जास्त बदललं जातं. विलायती लष्करी पिस्तुलांचा दस्ता अक्रोडाचा. शिसवीचा किंवा सागवानी दस्ता दिसला तर लगेच नक्कल म्हणू नये. संस्थानी कारागिरांनी मोडलेले दस्ते इथल्या लाकडात बदलले आहेत आणि ती दुरुस्तीसुद्धा जुनी, मानाची असू शकते. फरक बसणीत दिसतो. लॉक काढल्यावर आतलं लाकूड पटाशीने, लॉकच्या नेमक्या आकारात कोरलेलं आणि तेला-दारूने काळं पडलेलं असेल तर काम जुनं. आत लाकूड कोरण्याच्या यंत्राने (राउटरने) आलेल्या गोल कडा आणि ताजं पिवळं लाकूड असेल तर नवं, मग बाहेरून कितीही काळा रंग दिलेला असो.

तुलनेसाठी अस्सल वस्तू डोळ्यांखालून घालाव्यात. संभाजीनगरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत, आणि हैदराबादचं सालारजंग संग्रहालय तर रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे. काचेआडच्या पोलादाचा रंग पाहून आलेला माणूस बाजारातल्या काळ्या चकाकीला फसत नाही.

मेण: घ्यावंच

सगळ्या सेवांपेक्षा जास्त फायदा देणारी वस्तू एका छोट्या डब्यात मिळते: रेनेसान्स वॅक्स. सूक्ष्मस्फटिकी मेणांचं मिश्रण, ब्रिटिश म्युझियमच्या संशोधन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं. धातू, लाकूड, चामडं या सगळ्यांवर चालतं, आम्ल नसतं, पिवळं पडत नाही, बोटांचे ठसे उमटू देत नाही. डबा महाग वाटतो, पण एका पिस्तुलाला वाटाण्याएवढं पुरतं. लहान डबा वर्षानुवर्षं जातो.

लावण्याआधीचं काम महत्त्वाचं. हातात नायट्रिलचे मोजे, टेबलावर सुती कापड. पांढऱ्या कपड्याने धातू पुसा. नारिंगी भुकटी आली तर गंज चालू आहे. करडा-काळपट डाग आला आणि पुढे काही येईना, तर तो स्थिर थर आहे, त्याला हात लावू नका. चालू गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून एक रात्र ठेवावं, मग कांस्याची लोकर किंवा ०००० नंबरची पोलादी लोकर तेलात भिजवून, नुसत्या बोटाच्या वजनाने, एकाच दिशेला फिरवावी. ठशांवर लोकर नको, तिथे टोकदार केलेली बांबूची काडी. तेल लाकडाला लागू देऊ नये, लाकूड काळं आणि मऊ पडतं. नंतर तेल पूर्ण पुसून मगच मेण, अगदी पातळ. पाच-दहा मिनिटांनी मऊ सुती कपड्याने चोळावं. उन्हाळ्यात दुपारी लावू नये. मेणातला द्रावक झटकन उडतो आणि मेण ओघळांसारखं बसतं. सकाळी सहा-सातला लावलं की छान पसरतं. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, पुरे. ज्या दस्त्याला बुटाचं पॉलिश किंवा रंग दिलेला असेल तिथे मात्र आधी कोपऱ्यात लावून पाहावं, द्रावकाने रंग सुटू शकतो.

गाडीचं पॉलिश या मेणाऐवजी चालत नाही. पुष्कळशा पॉलिशमध्ये घासणारी पूड असते. खोबरेल तेलही नाही, ते चिकट होऊन धूळ धरतं. दस्त्यासाठी जवसाचं तेल ही मूळची पद्धत आणि आपल्याकडे जवस मुबलक, पण मूळ थर शाबूत असलेल्या लाकडाला त्याची गरज नसते. अगदी सुकून पांढरं पडलेल्या लाकडाला दोन-चार थेंब तळव्याने चोळावेत, आठवडाभर सुकू द्यावं. जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून कुठेही टाकू नये. तो सुकताना स्वतःच तापतो आणि पेट घेऊ शकतो, मराठवाड्याच्या मे महिन्यात तर नक्कीच धोका. पाण्यात भिजवून, पसरून वाळवून मगच टाकावा.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामड्यातली आम्लं लोखंडाला गंज आणि पितळेला हिरवं कीट आणतात. म्यान शेजारी, पिस्तूल वेगळं, धुतलेल्या मांजरपाटात. स्पंज लावलेल्या पेट्या दिसायला भारी, पण स्पंज ओल धरून ठेवतो. सिलिका जेलची पुडी आणि दोन-अडीचशे रुपयांचा आर्द्रतामापक पेटीत ठेवावा; काटा ४५ ते ५५ च्या मध्ये राहिला तर लोखंड आणि लाकूड दोन्ही सुखी. उन्हाळ्यात तो २० च्या खाली जातो तेव्हा लाकूड आकसून लॉकच्या कडेला तडा जातो, म्हणून पेटी पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर नसावी.

एवढं करूनही काम बाहेर द्यायचंच असेल, तर कामाची चिठ्ठी घेतल्याशिवाय वस्तू सोडू नये. चिठ्ठीवर दुकानाचा परवाना क्रमांक, पिस्तुलावरचे सगळे क्रमांक आणि खुणा जशाच्या तशा, कोणते भाग काढले जातील, आणि ‘बफिंग, एमरी, ब्लूइंग करणार नाही’ हे वाक्य. सोबत दोन्ही बाजूंचे आणि प्रत्येक ठशाचे तिरक्या उजेडातले फोटो, तारखेसह, दोघांच्या मोबाइलमध्ये. वस्तू परत घेताना तेच फोटो उघडून ठसा-न्‌-ठसा ताडावा, आणि जुळल्यावरच पैसे द्यावेत.